कथाकाराची तत्त्वं: संध्याकाळी तपासता येतील तेवढीच

कथा लिहिणाऱ्याला त्याची तत्त्वं विचारली की उत्तर बहुतेक वेळा फार उंचावरून येतं. प्रामाणिकपणा, समाजाशी बांधिलकी, माणसातला माणूस शोधणं, वगैरे. यातलं खोटं काही नाही, पण संध्याकाळी वही मिटताना 'आज बांधिलकी पाळली का' हे कुणाला तपासता येत नाही. 'आज ठरलेले शब्द झाले का' हे तपासता येतं. 'नायिकेला जे कळणं शक्यच नाही ते मी तिच्या मनात घुसडलं का' हेही तपासता येतं. खाली लिहिलेलं सगळं या दुसऱ्या जातीचं आहे. इंदुरात बसून मराठीत कथा लिहिणाऱ्याला यातल्या काही गोष्टी पुण्या-मुंबईच्या लेखकापेक्षा जास्त जाचतात. त्यामुळे त्यांना जागाही जास्त दिली आहे.

रोजच्या कामाचं आधी उरकून टाकू, त्यात फार बोलण्यासारखं नाही. नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्याला रोज 350 ते 400 शब्द झेपतात. 3000 शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा या हिशेबानं आठ-नऊ दिवसांत होतो. नियम एकच, खर्डा पुरा होईपर्यंत मागे जायचं नाही. रोज पहिल्या पानापासून वाचत यायची खोड लागली की पहिल्या पानावर दहा वेळा हात फिरतो, मधल्या भागावर दोनदा आणि शेवटावर एकदाच. छापून आल्यावर हे लख्ख दिसतं. आदल्या दिवशीचे शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत आणि पुढे चालू लागावं. मध्येच पात्राचं नाव किंवा धंदा बदलावासा वाटला तर समासात नोंद करून पुढचं पान नव्या नावानं सुरू करावं, सांधेजोड नंतर. आणि उठताना प्रसंग संपवून उठू नये. पुढचं वाक्य ठाऊक असतानाच पेन खाली ठेवावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाकडे बघत बसावं लागत नाही.

आता जिथे खरी गफलत होते ते. 'कथाच आहे, काल्पनिकच आहे, मग तारीख-वार कशाला बघायचे?' असं म्हणणारे लेखक पुष्कळ भेटतात. वाचकानं एकदा चंद्र चुकीच्या जागी पकडला की त्यानंतर नायकाच्या दुःखावरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून कथा सुरू करण्याआधी एक पान आखून घ्यावं. साल, महिना, तिथी, वार, प्रत्येक पात्राचं त्या दिवशीचं वय, सूर्य किती वाजता मावळतो, आणि कोण कुठून कुठे कशानं जातं. इंदुरात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, जूनच्या अखेरीस सव्वासातच्या आसपास. साडेसहाच्या 'संधिप्रकाशात' झालेली भेट डिसेंबरात घडवली तर ती अंधारात होते. चंद्राचं गणित सोपं आहे. पौर्णिमेला तो सूर्य मावळताना उगवतो आणि पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशीर करतो. म्हणजे रंगपंचमीच्या दिवशी चंद्र उगवायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. दिवसा राजवाड्यासमोरून गेर (रंगपंचमीची मिरवणूक) गेली, रंगानं माखलेली मंडळी घरी परतली आणि सात वाजता गच्चीवर चांदणं पडलं, असं लिहिणारा पंचांगाकडे फिरकलेला नसतो.

पंचांगाची दुसरी गंमत खास इकडची. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, कृष्ण पक्षात नाव बदलतं. रंगपंचमी आपल्याकडे फाल्गुन वद्य पंचमी, शेजारी ती चैत्र कृष्ण पंचमी. जन्माष्टमी आपली श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली, दिवस तोच. श्रावणात तर याचा थेट प्रसंग होतो. शेजारणीचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण तिच्यानंतर पंधरा दिवसांनी लागतो आणि राखीनंतरही पंधरवडाभर चालतो. म्हणजे एकाच जिन्यात एकीचे सोमवार सुरू झालेत आणि दुसरीच्या घरी अजून कांद्याची फोडणी बसतेय. दोन घरांतला ताण दाखवायला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार? पण मुंबईच्या कथांचा साचा समोर ठेवून लिहिणाऱ्याला तो दिसत नाही. त्याच्या कथेत सगळ्या गल्लीचा श्रावण एकाच दिवशी लागतो.

सालाचंही तेच. जुन्या इंदूरवर लिहायचं असेल तर निदान एवढ्या खुणा पाठ असाव्यात. 1948 ते 1956 मध्ये मध्य भारत हे वेगळं राज्य होतं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. 1952 सालच्या कथेत सरकारी कारकुनाच्या साहेबांची बदली भोपाळच्या सचिवालयात करता येणार नाही, भोपाळ राजधानी झाली ती 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाल्यावर. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. 1984 च्या आगीत लाकडाचा भाग होरपळला, त्यामुळे 1985 च्या कथेत राजवाड्याकडे बघणारा माणूस 1980 सालचा राजवाडा बघू शकत नाही. हुकमचंद मिल 1991 साली बंद पडली. 1995 च्या पहाटे तिच्या भोंग्यानं कुणी जागं होणार नाही. खांडव्याची लाइन मीटर गेजची होती. महाराष्ट्रात निघालेलं कुटुंब त्या वाटेनं खांडव्याला उतरून मोठ्या गाडीत बसायचं, आणि वळकट्या, फिरकीचे तांबे, मुलं यांच्यासकट गाडी बदलायचा तो तास कथेत फुकट मिळतो. भारतात मोबाइलवरचा पहिला फोन 31 जुलै 1995 ला झाला, तोही कोलकात्यात. म्हणून 1996 च्या मध्यमवर्गीय नायकाला रात्री अकराला बातमी कळवायची असेल तर एसटीडी बूथ शोधत फिरवावं लागतं. हे अडथळे नाहीत, बऱ्याचदा कथा त्यातूनच पुढे सरकते.

मात्र हे सगळं जमवल्यावर ते ओतायचं नाही. जमवलेल्या माहितीतला फार तर दहावा हिस्सा पानावर यावा. तपासणी सोपी आहे: तपशील कुणाच्या तरी हातात, पायाखाली किंवा ताटात आहे का? पोहे-जलेबी, गराडू (तळलेला कंद), शेव, छप्पन दुकान ही खाऊगल्ली यांची यादी देऊन इंदूर उभं राहत नाही, ते पर्यटनाचं पत्रक होतं. गराडू कथेत आणायचाच असेल तर हिवाळा असला पाहिजे, तेल कढत असलं पाहिजे आणि ज्याला डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय असा कुणीतरी तिथे उभा असला पाहिजे. बाहेरचे संपादक कधीकधी 'तिकडचा रंग येऊ द्या' असं प्रेमानं सुचवतात. रंग द्यायला ही भिंत नव्हे. साहित्य संमेलन इंदुरात 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा भरलं. इथल्या मराठीला नवलाईची वस्तू म्हणून मांडायची गरज तेव्हाही नव्हती.

संवाद हा इंदूरच्या कथाकाराचा सर्वांत अवघड कागद. एका घरात तीन पिढ्या तीन भाषा बोलतात. आजी नागपूर-पुण्याहून लग्न होऊन आलेली, तिची मराठी जुनी आणि ठसठशीत. वडील इथेच हिंदी शाळेत शिकले. त्यांच्या मराठीत 'लाईट चालली गेली', 'तो माझ्यापासून दोन वर्षांनी मोठा' अशी हिंदीच्या चालीची वाक्यं सहज येतात. त्यांना ती खटकत नाहीत आणि खटकण्याचं कारणही नाही. नात आईशी मराठीत बोलते, भावाशी हिंदीत भांडते. चुका दोन्ही टोकांना होतात. एक लेखक तिघांनाही सदाशिव पेठेतली भाषा बोलायला लावतो, दुसरा प्रत्येक वाक्यात हिंदी कोंबून घराचं हसं करतो. मात्रा ठरवून घ्यावी. मधल्या पिढीच्या पात्राला पानाला फार तर दोन अशा खुणा, आजीला एकही नाही, नातीला हवं तर अख्खं वाक्य हिंदीत. वाचकाचा कान पहिल्या पानावरच जुळतो, नंतर तो स्वतःच ऐकू लागतो.

पूर्ण हिंदी वाक्य आलं तर ते तसंच ठेवावं, आणि पुढच्या वाक्यात त्याचं मराठी करून सांगू नये. 'क्यों भिया, आज जल्दी?' हे कुठल्याही मराठी वाचकाला कळतं. संभाषण लांब असेल तर पहिली देवाणघेवाण हिंदीत द्यावी आणि पुढचं मराठीत उतरवावं, दुकानदार हिंदीतच बोलतोय हे वाचक विसरत नाही. संबोधनं मात्र बदलू नयेत. जुन्या घरात दादासाहेब, वहिनीसाहेब असतील तर त्यांना एकदम 'दादा', 'वहिनी' करून टाकलं की त्या घराची पायरीच उतरते. शेजारचा हिंदी मुलगा ज्या काकांना 'काकाजी' म्हणतो त्यांना घरातला पुतण्या नुसतं 'काका' म्हणतो. हा फरक पाळला तर दरवाजा उघडल्यावर कोण आलं हे निवेदकाला सांगावं लागत नाही.

संवादाची तपासणी अशी: कथेतले फक्त संवाद एका कागदावर उतरवायचे, बोलणाऱ्यांची नावं काढून टाकायची आणि घरातल्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायचे. कोण बोलतंय हे त्याला सांगता आलं नाही तर पात्रं अजून वेगळी झालेली नाहीत. 'म्हणाला' हे क्रियापद पुष्कळ आहे. 'उद्गारला', 'पुटपुटला', 'उत्तरला' अशी रांग लागली की संवाद लंगडा आहे असं समजावं.

वाक्याचं काम दाखवल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक तुकडा घेऊ. पहिल्या खर्ड्यात हमखास येतो तसा:

'रात्रीचे दहा वाजले होते. सराफ्यात खूप गर्दी होती. सगळीकडे खाण्याचा वास पसरला होता. वसंतकाका एका बंद पेढीच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. सगळं आयुष्य वाया गेल्यासारखं त्यांना वाटत होतं.'

सहा वाक्यं, सहाही 'होते-होती-होतं'वर संपलेली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सहायक क्रियापदांची रांग लागली की प्रत्येक वाक्य एकाच आवाजात बंद होतं. दुसरा दोष मोठा. काहूर आणि वाया गेलेलं आयुष्य हे लेखकाचे निकाल आहेत, वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय सराफा हे ठिकाण असं की तिथे दहा वाजता सोन्या-चांदीचा बाजार उठून खाण्याचा बसलेला असतो, आणि तुकड्यात ते कुठेच नाही. आता दुसरा खर्डा:

'शटर ओढून शेटजींनी तिसरं कुलूप लावलं, हिसका देऊन पाहिलं आणि ते गाडीकडे वळले. पायरी रिकामी झाली तशी तिच्यावर भुट्ट्याच्या किसाची कढई येऊन बसली. "काकाजी, थोड़ा सरको ना," पोऱ्या म्हणाला. वसंतकाका सरकले. बेचाळीस वर्षं या पायरीच्या आतल्या गादीवर त्यांनी हिशेब लिहिला होता. पोऱ्यानं कढईखालचा जाळ मोठा केला. काका आणखी सरकले.'

इथे दुःखाचं नाव कुणी घेतलेलं नाही. दोनदा सरकणं आलं आणि काम झालं. 'होता' एकदाच राहिला, तोही भूतकाळाच्या मागचा भूतकाळ सांगायला, म्हणजे जिथे त्याची खरी गरज आहे तिथे. तरी हा तुकडा निर्दोष नाही. बेचाळीस वर्षांचं वाक्य अजून निवेदकाचं आहे, माहिती पुरवायला आलेलं. मी असतो तर ते इथून उचलून अलीकडे नेलं असतं, शेटजींना कुलूप लावताना 'मुनीमजी, अब घर जाओ' म्हणायला लावून तिथे, म्हणजे वाचकाला नातं आधीच कळलं असतं आणि पायरीवर मध्ये बोलायला कुणी आलं नसतं. आणखी एक तपासायचं: कढईखाली काय जळतंय? आजची कथा असेल तर गॅसची शेगडी, चाळीस वर्षांपूर्वीची असेल तर कोळसा किंवा रॉकेलचा स्टोव्ह. 'जाळ' म्हणून वेळ मारून नेता येते, पण स्टोव्ह असेल तर त्याचा आवाज येतो, आणि तो आवाज काकांच्या शेजारी हवाच.

हे काम खर्डा ताजा असताना जमत नाही. कथा किमान तीन आठवडे बंद ठेवावी आणि मग छापून, कागदावर, मोठ्यानं वाचावी. साधारण वेग मिनिटाला 120 ते 130 शब्द पडतो, म्हणजे 3000 शब्दांना तेवीस ते पंचवीस मिनिटं. जीभ जिथे अडखळते तिथे पेन्सिलची खूण, थांबायचं नाही. त्यानंतर तीन फेऱ्या. पहिलीत फक्त 'होता' आणि '-ून'च्या माळा बघायच्या ('उठून, तोंड धुऊन, चहा करून, पिऊन तो निघाला' यातला तो काहीच करत नाही, नुसता निघतो). दुसरीत प्रत्येक परिच्छेदाच्या समासात लिहायचं की हे कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय. समजा, सलग वीस परिच्छेद सुमती या सुनेचे आणि मध्येच एक सासऱ्यांचा आला तर तो बहुधा चुकून आलाय. सुमती स्वयंपाकघरात असताना बैठकीत सासरे 'मनातल्या मनात चरफडले' हे तिला कळणार नाही. तिला कप बशीवर आपटल्याचा आवाज येईल, तेवढाच द्यावा. तिसऱ्या फेरीत दहा टक्के शब्द कापायचे. कापायला कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर पहिला आणि शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचून बघावी. दर चार कथांतल्या तीन त्यांच्याशिवाय उभ्या राहतात, असं माझं मत आहे, आणि ते मांडल्यावर लेखकमित्रांमध्ये दर वेळी वाद होतो.

ओळखीच्या माणसांवर लिहिणं हा नाजूक भाग. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इथल्या मराठी घरांत सगळे एकमेकांना चार पिढ्यांपासून ओळखतात. 'बँकेतून निवृत्त, मुलगी अमेरिकेत, दारात तामण' एवढ्यावर कथेतला माणूस ओळखला जातो. नियम असा ठेवावा की खऱ्या माणसाकडून एकच गोष्ट घ्यायची, त्याची लकब, बोलण्याची ढब किंवा एखादी भीती, आणि वय, धंदा, घर, नात्यांची रचना हे चारही बदलायचे. एक-दोन बदलून भागत नाही, उरलेल्या धाग्यावरून लोक पोहोचतात. खऱ्या माणसाचं गुपित, आजार किंवा घरातला तंटा तर त्याला ठाऊक नसताना घ्यायचाच नाही, मग कथा कितीही चांगली होणार असो. कायद्याची बाजूही माहीत असावी. अब्रूनुकसानीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. मृत व्यक्तीची बदनामी करणारं लिहून तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर तेही त्यात येतं. 'सर्व पात्रं काल्पनिक' ही ओळ छापली म्हणजे कवच मिळालं असं नाही. माणूस ओळखू येतो का, हाच प्रश्न विचारला जातो.

ज्यांचं जगणं आपलं नाही त्यांच्यावर लिहिताना मात्र उलट करायचं. तिथे माहिती कमी पडते. मिल कामगार, माळव्यातला शेतकरी, सराफ्यातला कारागीर यांच्यावर लिहिलेली कथा त्या कामातल्या निदान एका माणसाला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर पाठवू नये. 'कशी वाटली' हे विचारण्यात अर्थ नाही, लोक चांगलीच म्हणतात. 'यात हातानं करायचं कुठलं काम चुकीचं लिहिलंय' असं विचारलं की उत्तरं पटापट येतात.

आता टंकलेखन. विषय रुक्ष आहे, पण परत येणाऱ्या कथांतल्या कितीतरी इथेच मार खातात. इंदुरात टायपिंग करून देणाऱ्याचा हात हिंदीला सरावलेला असतो. त्यामुळे ळ च्या जागी ल पडतो, पूर्णविरामाच्या टिंबाऐवजी दंड येतो, ड-ढ खाली नुक्ते उगवतात. कवी, गुरू हे शब्द हिंदीच्या सवयीनं ऱ्हस्व होतात. मराठीत ते एकटे असताना दीर्घ, समासात पहिले आले की ऱ्हस्व: गुरू पण गुरुदक्षिणा, कवी पण कविमन. सर्वांत फसवा तो अर्धा र. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना पुरणपोळीचं सांगायचं असतं. युनिकोडमध्ये ऱ, मग हलन्त, मग य असं टंकलं की तो बरोबर उमटतो. फोनवर बोलून टंकणाऱ्यांनी भाषा मराठी निवडलीय का हे आधी बघावं, नाहीतर 'आणि'चं 'आनी' होतं आणि शोधून-शोधून डोळे दुखतात. जुन्या फॉन्टमध्ये फाइल पाठवू नये. युनिकोडमधली वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ पाठवावी, म्हणजे संपादकाकडे अक्षरं फुटली तर मूळ कसं होतं ते त्याला बघता येतं.

पाठवण्याचं वेळापत्रक मराठीत दिवाळी अंकाभोवती फिरतं. ही प्रथा 1909 साली 'मासिक मनोरंजन'नं पाडली आणि अजून टिकून आहे. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, म्हणजे मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये ठरतो. गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षाची. मे महिन्यात खर्डा, जूनमध्ये विश्रांती, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रवानगी हे जमतं. शब्दमर्यादा आधी विचारून घ्यावी. एका वेळी कथा एकाच ठिकाणी पाठवावी आणि एका वहीत पाच रकाने आखून ठेवावेत: कथेचं नाव, शब्दसंख्या, कुठे, कधी, उत्तर. दोन अंकांत एकाच वर्षी एकच कथा छापून आली तर दोन्ही संपादक ते दहा वर्षं विसरत नाहीत. तीन महिने उत्तर नाही आलं तर दोन ओळींचं पत्र पाठवून कथा मागे घ्यावी आणि मगच दुसरीकडे द्यावी. मानधन किती, कधी आणि अंकाच्या किती प्रती, हे स्वीकृतीचं पत्र आल्याबरोबर विचारावं. त्यात अवघडण्यासारखं काही नाही, छपाईवाला कागदाचे पैसे विचारताना अवघडत नाही.

हक्कांचं एकदा नीट समजून घ्यावं. कॉपीराइट कायदा 1957 चा. कथा लिहिली त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातभर आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं टिकतो. कल्पनेवर हक्क नसतो, शब्दांत मांडलेल्या रूपावर असतो, तेव्हा 'माझी कल्पना चोरली' ही तक्रार गप्पांपुरती. उलट, दुसऱ्याचा हक्क अजून चालू असलेल्या गाण्याच्या चार ओळी नायकाच्या तोंडी घालताना परवानगी लागू शकते. नायक ते गाणं गुणगुणतो एवढं म्हटलं तर लागत नाही.

पुस्तकाचा करार समोर आला की याच कायद्याचं कलम 19 आठवावं. हक्क लिखित आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभर वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं काही लिहिलं असेल तर ते चालतं, म्हणून ती ओळ शोधून वाचावी. स्वामित्वधन (रॉयल्टी) मराठीत बहुधा छापील किमतीच्या 10 टक्के असतं. 300 रुपयांच्या पुस्तकाच्या 500 प्रती विकल्या तर 15,000 रुपये. 'विक्री किमतीवर' असं लिहिलं असेल तर ग्रंथालयांना दिलेल्या सवलतीनंतरच्या रकमेवर हिशेब होतो आणि आकडा बराच खाली येतो. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, हिंदी अनुवाद, चित्रपट यांचे हक्क 'सर्व हक्क' या दोन शब्दांत वाहून जातात, ते प्रत्येकी वेगळ्या ओळीत मागावेत. हिंदी अनुवादाचा तर विशेषकरून, इंदुरात राहणाऱ्याला विचारणा पहिली तिकडूनच येते. आवृत्ती संपल्यावर अमुक महिन्यांत नवी काढली नाही तर हक्क लेखकाकडे परत, अशी ओळ घालून घ्यावी, आणि ते महिने आकड्यात लिहावेत. 'योग्य कालावधीत' असं लिहून दिलं असेल तर खोडून 12 महिने करावं आणि खाडाखोडीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.